कोनाड्यातला माउथपीस

बडोदे

चि. सौ. बेबीस,

तुझा फोन येऊन तीन दिवस झाले, पण त्या बोलण्यातून माझे मन अजून बाहेर पडलेले नाही. तुझा प्रश्न व्यवहाराचा होता: मुलाने पाचवीत शाळेच्या बँडात नाव घातले आहे, त्याला पितळी वाद्यच हवे आहे, तर ट्रम्पेट घ्यावा की ट्रोम्बोन? त्याचे उत्तर पुढे देतोच. परंतु मध्येच तुझा चिरंजीव पडद्यावर डोकावला आणि माझ्या पाठीमागच्या कोनाड्याकडे बोट करून, ‘आजोबा, ती अत्तरदाणी आहे का?’ असे त्याने विचारले, तेव्हा माझा गळा दाटून आला आणि ‘पत्रात लिहितो’ एवढेच कसेबसे म्हणवले.

ती अत्तरदाणी नव्हे. तो कॉर्नेटचा माउथपीस आहे, आणि तो त्याच्या पणजोबांचा.

माझे वडील १९३१ च्या सुमारास, वर्ष पुढेमागे असेल, इथल्या संस्थानच्या बँडखात्यात रुजू झाले. ज्या शहरात सयाजीरावमहाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा सोपवली आणि जिथे १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्या शहरात कारकुनाच्या मुलाने वादक होणे ही काही अघटित गोष्ट नव्हती. पण सतार वेगळी आणि तोंडाला लावायचे पितळ वेगळे. तुझी पणजी म्हणे, उष्टी वस्तू घरात फिरायची नाही. म्हणून ओसरीवरचा तो कोनाडा माउथपीससाठी नेमून दिला गेला, आणि तेव्हापासून त्याची जागा बदललेली नाही.

थंडीतल्या पहाटे वडील तो मुठीत धरून उबवीत, कारण गार धातूवर ओठ आखडतात. मग ओसरीच्या पायरीवर बसून, कॉर्नेट न जोडता, नुसत्या माउथपीसवर ओठ थरथरवीत. तांब्यात भुंगा अडकावा तसा तो आवाज असे, आणि त्या गुंजारवातून हळूहळू भूपाचे स्वर निघू लागत. वाजवून झाले की त्यांच्या वरच्या ओठावर तांबूस अर्धवर्तुळ उमटलेले दिसे. आईने चहा पुढे केला तरी ती खूण पुसट होईपर्यंत ते कप तोंडाला लावीत नसत. बँडखात्याचा गणवेश कसला होता, बँडमास्तर कोण होते, हे आज मला धड सांगता येणार नाही. ते अर्धवर्तुळ मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मी सात वर्षांचा होतो. सरकारी कॉर्नेट जामदारखान्यात जमा करून वडील हातात पावती घेऊन घरी आले. माउथपीस स्वतःच्या पैशांनी घेतलेला, म्हणून तो तेवढा खिशात राहिला. निवृत्तिवेतनाच्या थकबाकीसाठी एका कचेरीत त्यांनी जे अर्ज केले, त्यांच्या नकला माझ्या ट्रंकेत आहेत. निकाल लागला तेव्हा ते हयात नव्हते, आणि त्या दिरंगाईची चीड मला अजून येते. संस्थान गेल्यावर ते लग्नाच्या वरातीत वाजवू लागले. कॉर्नेट बँडच्या मालकाचा, मेरठच्या जली कोठीत घडवलेला. पण त्याला ते आपलाच माउथपीस जोडीत. वरात आमच्या आळीवरून जाणार असली की त्या दिवशी ते सुट्टी मागत.

आता तुझे काम. मुलाला दुकानात किंवा मास्तरांकडे ने आणि आधी नुसते माउथपीसच वाजवायला दे, ट्रम्पेटचा लहान आणि ट्रोम्बोनचा मोठा. ज्याच्यावर त्याचा सूर आयास न होता निघेल, तिकडे त्याचा कल समज. ट्रोम्बोनची नळी नऊ फुटांची. तिचे सरकते टोक सातव्या स्थानापर्यंत न्यायला दहा वर्षांच्या मुलाचा हात सहसा पुरत नाही, आणि खुणा नसल्यामुळे स्वर कानानेच शोधावा लागतो. कान चांगला असेल तर हा दोष मी गुण मानीन. फ्रेंच हॉर्नचे स्वर एकमेकांना इतके खेटून असतात की नवशिक्याला नेमका सूर सापडता सापडत नाही. तो पहिल्या वर्षी नको. ट्रम्पेट आणि कॉर्नेट दोन्ही बी-फ्लॅटचे, नळी सुमारे साडेचार फुटांची, बोटेही तीच. परंतु कॉर्नेट आखूड गुंडाळलेला, म्हणून त्याचा भार छातीजवळ राहतो आणि लहान हाताला तो पेलतो. दातांना तार बसवायची असेल तर मास्तरांना आधी सांग. ओठ आतून सोलवटतात.

विकत घेण्याची घाई करू नकोस, भाड्याने घे. स्वस्तात मिळणारी रंगीत वाद्ये घेऊ नकोस. पिस्टन अडकले की दुरुस्ती करणाराही त्यांना हात लावायला कचरतो. पिस्टनला तेल, आणि वाजवून झाल्यावर नळीतले पाणी काढणे, एवढे त्याला स्वतःला करू दे. ब्रासो मात्र लावू नको, वरचा लेप जातो.

त्याला हेही सांग, की १८१८ साली प्रशियात श्ट्योल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी पिस्टनचे पेटंट घेतले, त्याआधी पाश्चात्त्यांची तुतारीही बहुतांशी आपल्या तुतारीसारखीच होती: बोटाला काम नाही, सगळा कारभार ओठाचा आणि श्वासाचा. तो ट्रम्पेटवर तिन्ही बोटे उचलून जे स्वर काढील, त्याच जातीचे स्वर आपला तुतारीवाला देवळाच्या दारात काढतो. तिकडे हे त्याला कोण सांगणार, ही मला काळजी आहे. त्याला ‘अत्तरदाणी’ हा शब्द आला, याचे श्रेय तुझे, आणि त्याने माझे त्या दिवशीचे जेवण गोड झाले. पण पुढचे सगळे तो इंग्रजीत बोलला. रोज अर्धा तास तरी त्याच्याशी मराठीत बोल, बाई.

हा माउथपीस ट्रम्पेटला बसत नाही. कॉर्नेटचा दांडा बारीक, तो आत सैल राहतो. त्यामुळे त्याने कॉर्नेट घ्यावा असे मला वाटते, हे तुझ्यापासून लपवीत नाही. पण त्याला हे सांगू नकोस. तसाही याचा चांदीचा मुलामा काठावर झिजून पितळ उघडे पडले आहे, ओठाला लावण्याजोगा तो आता नाही. डिसेंबरात याल तेव्हा त्याला कोनाड्यातून स्वतःच्या हाताने काढू दे. आणि पहिला सूर निघेल त्या दिवशी फोन लाव, इथे मध्यरात्र असली तरी.

तुझा
आप्पाकाका