आधी सर्व्हरला विचारा

सकाळी साडेदहाला फोन आला. एका पतसंस्थेच्या शाखेतल्या बाई बोलत होत्या. "सर, काल चेकनं हप्ता भरून गेलेल्या सगळ्यांची खाती आज थकीत दिसतायत. समोर माणसं उभी आहेत. काय सांगू त्यांना?"

आदल्या रात्री सर्व्हर नव्या व्हर्जनवर गेला होता. हप्त्याच्या स्थितीसाठी आधी 'भरला' आणि 'बाकी' असे दोनच शब्द होते. आता चेकसाठी तिसरा आला होता, 'वटायचा आहे'. शाखेतला क्लायंट मात्र जुनाच होता आणि त्यात मी लिहिलेली एक ओळ होती: स्थिती 'भरला' नसेल तर थकीत दाखवा. सर्व्हरनं एपीआयमधलं एकही फील्ड काढलं नव्हतं, एकाचंही नाव बदललं नव्हतं. चूक माझ्या ओळीची होती. अनोळखी माणूस दारात आला म्हणून आपण त्याला चोर म्हणत नाही, आणि मी नेमकं तेच केलं होतं. ज्यांनी पैसे भरले, त्यांना चारचौघांत थकबाकीदार ठरवलं.

सर्व्हर एका रात्रीत बदलता येतो. क्लायंट गावोगावच्या कॉम्प्युटरवर असतात, कुठे अपडेट लगेच होतं, कुठे सहा महिने होत नाही. त्यामुळे जुना क्लायंट आणि नवा सर्व्हर, नवा क्लायंट आणि जुना सर्व्हर, या जोड्या रोजच्याच.

अशा जोड्या नीट कशा सांभाळतात ते मी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 'पीएसक्यूएल' या क्लायंटचा सोर्स वाचून शिकलो. टेबलाची माहिती मागणारी बॅकस्लॅश-डी ही कमांड दिली की तो डेटाबेसच्या अंतर्गत तक्त्यांना प्रश्न विचारतो, आणि हे तक्ते दर व्हर्जनला थोडे बदलतात. २०१९ साली आलेल्या १२व्या व्हर्जनमध्ये 'रेलहॅजओआयडीज' हा कॉलम काढून टाकला. ११चा क्लायंट १२च्या सर्व्हरला जोडून बॅकस्लॅश-डी दिलं, की असा कॉलमच नाही म्हणून एरर येते. नव्या क्लायंटनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. तो सर्व्हरचा व्हर्जन नंबर तपासतो. सर्व्हर १२ किंवा पुढचा असेल, तर त्या कॉलमच्या जागी, त्याच नावानं, स्वतःच 'फॉल्स' भरतो. फरक प्रश्न विचारतानाच मिटतो, पुढे छपाई करणाऱ्या कोडला त्याची खबरही लागत नाही. मला यातलं कौशल्य फार मोलाचं वाटतं. व्हर्जनची तपासणी शंभर फाइलींत विखुरली, की तो क्लायंट कुणालाच सांभाळता येत नाही.

दुसरी गोष्ट पीएसक्यूएलच्या स्पष्ट बोलण्याची. पोस्टग्रेसमध्ये 'पब्लिकेशन' ही सोय १०व्या व्हर्जनपासून आहे. त्याआधीच्या सर्व्हरकडे पब्लिकेशनची यादी मागितली, तर हा सर्व्हर अमुक व्हर्जनचा आहे, त्यात ही सोय नाही, असं तो सरळ सांगतो. रिकामी यादी दाखवून दिशाभूल करत नाही. आणि जुन्यांची साथ त्यानं जन्मभर ओढलेली नाही. २०२२च्या १५व्या व्हर्जनमध्ये ९.२च्या मागच्या सर्व्हरांचा आधार काढला. ९.२ आलं होतं २०१२ साली. दहा वर्षं सांभाळून मग निरोप, हे मला रास्त वाटतं.

मी आमचा क्लायंट पुन्हा लिहायला घेतला. सर्व्हरशी बोलणारं सगळं कोड एका फोल्डरमध्ये आणलं. जोडणी होताच क्लायंट आधी सर्व्हरचं व्हर्जन विचारतो. ओळखीचा नसलेला शब्द आला, तर पडद्यावर तो शब्द जसाच्या तसा दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं: 'ही स्थिती या प्रोग्रॅमला माहीत नाही, मुख्य कार्यालयाला विचारा.' थकीत हा शिक्का फक्त 'बाकी' या शब्दावरच बसतो.

प्रत्येक जुन्या सर्व्हरची खरी उत्तरं, खातेदारांची नावं काढून, फाइलींत जपून ठेवली आहेत. त्या दिवशीचं उत्तरही त्यांत आहे. नवी रिलीज त्या सगळ्यांवर चालवून पाहिल्याशिवाय शाखांना जात नाही.