वाघांची खानेसुमारी

चंद्रपुराहून निघून बल्लारपूर मागे टाकले, वर्धा नदी ओलांडली, की राजुरा लागते आणि तेथून गडचांदूरचा रस्ता. दुतर्फा कपाशीची शेते. गाव जवळ आले की प्रथम दिसते ते सिमेंट कारखान्याचे धुरांडे. त्यापलीकडे माणिकगडाचे डोंगर, जुना किल्ला, आणि गोंड-कोलामांचे गुडे. अशा गावात वाघाची गोष्ट काढावी, तर पाहुण्यांना ती थट्टा वाटेल. परंतु उत्तरेस ताडोबा आणि दक्षिणेस तेलंगणातील कवाल, या दोन व्याघ्र प्रकल्पांच्या मधला हा मुलूख. वाघाला ना राज्याची हद्द ठाऊक, ना राखीव जंगलाची. तो या घरून त्या घरी जायला निघतो, तेव्हा वाटेत आपली शेते लागतात.

मग हे वाघ आहेत तरी किती? माणसांची खानेसुमारी सोपी. दारावर थाप मारली की घरधनी बाहेर येतो. वाघाचे तसे नाही. 1966 साली ओरिसातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पंजाच्या ठशांवरून मोजणीची पद्धत बसवली. ठशावर काच ठेवायची, आकृती गिरवायची, की झाली नोंद. पुढे 2005 साली राजस्थानातील सरिस्क्याच्या जंगलात एकही वाघ उरला नसल्याचे उघडकीस आले. कागदावर मात्र ते सुखाने नांदत होते! त्या धक्क्यातून देश जागा झाला. 2006 पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने मोजणी होते.

आता जंगलवाटेच्या दोन्ही अंगांना गुडघाभर उंचीवर समोरासमोर कॅमेरे बांधतात. समोरून काही गेले की फोटो आपोआप निघतो. दोन कॅमेरे अशासाठी, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे निराळे असतात. आणि आपल्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे एकाचे पट्टे दुसऱ्यासारखे कधीच नसतात. 2018 च्या मोजणीत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले. जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यांत वाघाचे किती? 76,651. बाकी हरणे, डुकरे, गुरे आणि सरपण आणणारी माणसे!

पण यंत्राचे कौतुक करताना पायांना विसरू नये. कॅमेऱ्यांच्या आधी वनरक्षक आणि वनमजूर पहाटे निघून ठरलेल्या वाटा चालतात; ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे पाहून नोंद करतात. त्या 2018 सालच्या मोजणीत ही चाल 5,22,996 किलोमीटर भरली. आपण ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ म्हणतो. ही मंडळी चंद्रापर्यंत जाऊन परतीच्या वाटेला लागली असती.

आणि ही चाल निर्धोक नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात अशाच खुणा शोधत निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पुढे आकडे जाहीर झाले. महाराष्ट्रात 2006 साली 103 असलेले वाघ 2022 च्या मोजणीत 444 झाले. त्या आकड्यामागे तिचीही पावले आहेत.

वाघ वाढले ही आनंदाची वार्ता खरी. पण कपाशी वेचायला वाकलेल्या बाईला ती कशी सांगावी? अनेक माणसांचे बळी घेणारा एक वाघ ऑक्टोबर 2020 मध्ये याच राजुरा भागात पिंजऱ्यात पकडावा लागला. अशा वेळी मोजणीचा खरा उपयोग कळतो. कोणता वाघ कोठे फिरतो, हे पट्ट्यांवरून ठाऊक असले, तर गावाला वेळीच सावध करता येते आणि एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला धरावे लागत नाही. वाघ आणि शेतकरी या दोघांचाही त्यात जीव वाचतो.

शहरातील हौशी मंडळी बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात ताडोबाच्या पाणवठ्यावर मचाणावर बसून रात्र जागवतात. जरूर बसावे; तसा अनुभव दुसरा नाही. मात्र सवड काढून एकदा गडचांदूरकडेही यावे. येथे मचाण नाही, जिप्सी नाही. माणिकगडाकडे तोंड करून उभे राहावे आणि शेतावरून परतणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारावे, ‘‘बाबा, इकडे वाघ आहे का हो?’’ तो आकडा सांगणार नाही. बैलांना जरा घाईने हाकील, आणि तेवढ्यात तुम्हांला उत्तर मिळेल.