एचआरची यादी आणि आत्याचं उत्तर

चि. मनू,

तुझ्या कंपनीच्या एचआरने पाठवलेली पुस्तकांची यादी पोचली. तिच्याखालची तुझी ओळही वाचली, ‘आत्या, यातलं काय वाचू, की सरळ झोपू?’ आधी झोप. यादीतली बरीचशी पुस्तकं मी वाचलेली आहेत (निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय!), म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

रिक रुबिनचं ‘द क्रिएटिव्ह अ‍ॅक्ट’ (२०२३) तुझ्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर असेल, तेव्हा ते आधी उरकू. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून डेफ जॅम ही रेकॉर्ड कंपनी सुरू करणारा हा माणूस. जॉनी कॅशला लोक विसरत चालले होते, तेव्हा यानेच त्याला आपल्या दिवाणखान्यात बसवून नुसत्या गिटारवर गाऊन घेतलं आणि १९९४ मध्ये ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ काढलं. मला वाटलं, त्या दिवाणखान्यात काय घडलं ते आता कळणार. पुस्तकात त्याचा पत्ताच नाही. आहेत ती सुभाषितं, पानोपानी. सकाळच्या चहाबरोबर एखादं पान बरं वाटतं, पण कामाला बसल्यावर हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा अ‍ॅडम मॉसचं ‘द वर्क ऑफ आर्ट’ (२०२४) घे. मॉस ‘न्यूयॉर्क’ मासिकाचा नावाजलेला संपादक. २०१९ मध्ये तिथून बाहेर पडला, चित्रं काढायला लागला आणि ती काही जमेनात. मग चिडून म्हण किंवा कुतूहलाने, त्याने चित्रकार, कवी, नाटककार, स्वयंपाकी अशा त्रेचाळीस जणांना गाठलं आणि एकेका कलाकृतीबद्दल विचारलं की, बाबांनो, हे झालं कसं ते दाखवा. उत्तरात नुसत्या गप्पा नाहीत. खाडाखोड केलेले कागद, वहीतली रेघोट्या मारलेली पानं, फसलेले आराखडे, सगळं छापलंय. कारा वॉकरने २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या, पाडायला काढलेल्या डॉमिनो साखर कारखान्यात साखरेची प्रचंड स्त्रीमूर्ती उभी केली होती, सुमारे ७५ फूट लांब. साखरेमागची गुलामगिरी तिथे पांढरीशुभ्र होऊन बसली होती. अशी गोष्ट कुणाच्या डोक्यात आयती उतरत नाही, हे तिची आधीची टिपणं आणि रेखाटनं पाहिली की पटतं. लुईस ग्लिकसारखी नोबेलविजेती कवयित्रीही आपले कच्चे खर्डे पुढे ठेवते. तुला सध्या ‘आपल्याला काही सुचतच नाही’ असं वाटतंय ना, त्यावर या पुस्तकातला कचरा फार गुणकारी आहे.

आता डॉन नॉर्मन. तुमच्या डिझाइनच्या धंद्यातले भीष्माचार्य. त्यांचं नवं ‘डिझाइन फॉर अ बेटर वर्ल्ड’ (२०२३) आलं तेव्हा त्यांनी सत्त्याऐंशी पार केली होती. समोरच्या एका ग्राहकाचा विचार पुरत नाही, सगळ्या मानवजातीचा आणि पृथ्वीचा करा, असं ते सांगतात. मुद्दा खरा, पण पुस्तकात पाल्हाळ आहे. तुझं खरं काम त्यांच्या १९८८ च्या जुन्या पुस्तकात आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही तर दोष दाराचा, माणसाचा नव्हे, हे ज्यात आहे ते. कॉलेजात तुम्ही ते परीक्षेपुरतं वाचलंत.

नॉर्मन इथवर पोचले त्याला एक अपघातही कारण आहे. मार्च १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात एक झडप उघडी अडकली आणि अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी वाहून गेलं. कंट्रोल रूममधल्या दिव्याचा अर्थ लोकांनी ‘झडप बंद आहे’ असा घेतला. खरं म्हणजे तो दिवा एवढंच सांगत होता की, झडपेला बंद हो म्हणून आज्ञा गेलीय. ती बंद झाली की नाही हे कळायची सोय त्या दिव्यात नव्हती. खापर फुटलं ऑपरेटरांवर. त्यांच्या चुका तपासायला बोलावलेल्यांत नॉर्मन होते, आणि या असल्या खोलीत चुका झाल्या नसत्या तरच नवल, असं त्यांचं मत झालं.

तुझ्या एचआरची, यादीबरोबर आलेली ‘तग कसा धरावा’ची मेल मला त्या दिव्यासारखी वाटली. मेल गेली, दिवा लागला. रात्री साडेअकराला येणारे ऑफिसचे मेसेज मात्र चालूच. एका यादीत नॉर्मनही आणि ‘स्वतःला कणखर बनवा’ही, हे यादी करणाऱ्याला खटकलं नाही याचं मला हसू आलं. नॉर्मन दाराकडे बोट दाखवतात, बाकीचे तुला खांदा मजबूत करायला सांगतात.

पण फिजिओथेरपिस्ट म्हणून खांदे मजबूत करायचं काम मी जन्मभर केलंय, म्हणून त्याला नावं ठेवून मोकळी होत नाही. सलमान रश्दींचं ‘नाइफ’ (२०२४) वाचताना मी त्यांचा डावा हात शोधत होते. १२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतल्या शटॉक्वाच्या व्यासपीठावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. सत्तावीस सेकंदांत उजवा डोळा गेला आणि डाव्या हाताचे टेंडन कापले गेले. बाकी वाचकांना त्यांनी हल्लेखोराशी रचलेला काल्पनिक संवाद आवडतो. मला तो जरा जुळवलेला वाटला. हाताच्या थेरपीची पानं मात्र मी दोनदा वाचली. शिवलेला टेंडन फार लवकर जोरात ओढलास तर तुटतो. नुसता जपून ठेवलास तर आजूबाजूला चिकटतो आणि बोट कायमचं ताठ राहतं. म्हणून सुरुवातीपासून, स्प्लिंटच्या आत, मोजून-मापून हालचाल द्यायची. किती, ते रोज ठरवायचं, आणि पेशंटने एकट्याने तर मुळीच ठरवायचं नाही. हुशार, जिद्दी पेशंट इथेच घात करून घेतात. दुखणं सोसून दाखवतात आणि शिवण उसवते.

दुसरं म्हणजे, त्या पुस्तकात रश्दी एकटे कुठेच नाहीत. व्यासपीठावरचे त्यांचे यजमान हल्लेखोरावर झेपावले, प्रेक्षकांनी त्याला दाबून धरलं, मग हेलिकॉप्टर, सर्जन, आणि रात्रंदिवस बायको. एलायझा नसती तर पुस्तक झालं नसतं, हे पानापानावर जाणवतं. एचआरच्या यादीत या पुस्तकापुढे ‘एका माणसाची जिद्द’ असं लिहिलंय. लिहिणाऱ्याने फक्त मलपृष्ठ वाचलं असावं.

तर तुझ्यापुरतं सांगते. थोडे दिवस रजा घे. तुझ्याकडे असलेल्या दोन प्रोजेक्टांपैकी एक सोड, आणि ते लेखी कळव. ‘मी कमी पडतेय’ असं लिहू नकोस, एका माणसाकडे दोन माणसांचं काम आहे असं लिही, तारखांसकट. नॉर्मनबाबांची चेली आहेस, एवढं यायला हवं. संध्याकाळचं चित्र काढणं मात्र बंद करू नकोस, वाईट निघालं तरी. थोडी हालचाल हवीच.

मॉसचं पुस्तक उद्या कुरियरने टाकते. जाड आहे, लोकलमध्ये वाचायच्या फंदात पडू नकोस. ‘नाइफ’ नंतर देईन. रात्री एकटीने वाचण्यासारखं ते नाही, आणि माझ्या प्रतीत पेन्सिलीने इतकं काही खरडलंय की तुला रश्दींपेक्षा मलाच जास्त वाचावं लागेल. तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस म्हणालीस, पण परवा फोनवर ती मला विचारत होती, मनू हल्ली नीट जेवते का म्हणून. तूच सांग तिला. रजेचा अर्ज केलास की मला एका ओळीत कळव.

तुझी,
आत्या