बंदूक, बाबा आणि करूळ घाट

बाबांच्या बारा बोअरच्या बंदुकीचा घोडा अडकू लागला आणि ती कोल्हापूरला दुरुस्तीला न्यायची ठरली. गाडी मी चालवणार होतो. डुकरा-माकडांपासून शेत राखायला घेतलेली ही बंदूक मी लहानपणापासून पाहतोय. पण ती गाडीतून नेण्याबद्दल कायदा काय म्हणतो, याचा मला गंधही नव्हता. गावातच कुणाकडे का दाखवू नये, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेही सरकारी परवाना असावा लागतो.

मग बाबांचा परवाना वाचायला घेतला. क्षेत्राच्या रकान्यात ‘सिंधुदुर्ग जिल्हा’. म्हणजे घाट चढून कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्यात शिरलो की परवान्याची हद्द संपली. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला आणि ने-आण करण्याची लेखी परवानगी मिळाल्यावरच पुढचं बोलणं सुरू झालं.

कणकवलीहून आम्ही एरवी फोंडा घाटाने जातो. तो रस्ता दाजीपूर-राधानगरी अभयारण्यातून जातो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार वेगळ्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. आम्ही करूळ घाट धरला.

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते एका साध्या प्रश्नाने: गाडी माझी, हात माझे, परवाना बाबांचा, मग बंदूक कुणाच्या ताब्यात? विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची कैद आहे. हे वाचल्यावर माझी झोप उडाली. बाबा मात्र निवांत. म्हणाले, “मी वांगडा आसय मा, मगे भितंस कित्याक?” म्हणजे, मी सोबत आहे ना, मग घाबरतोस कशाला? कायदाही जवळपास तेच म्हणतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमात सवलत आहे: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला बंदूक नेता येते, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या वापरासाठीच. मला हे फार न्याय्य वाटतं. म्हाताऱ्या शेतकऱ्याला मुलाची मदत घेता येते आणि जबाबदारी कुणाची हेही स्पष्ट राहतं.

निघण्याआधी बाबांनी बंदूक मधून मोडली, नळी खिडकीकडे धरून आरपार पाहिली, मलाही पाहायला लावली. काडतूस नाही. मग नळी आणि दस्ता वेगळे करून खाकी कॅनव्हासच्या गवसणीत घातले. मी डिकी उघडली, तर त्यांनी मान हलवली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबाही हवा. म्हणून ती मागच्या सीटवर, बाबांच्या शेजारी. वैभववाडीला चहाला थांबलो तेव्हा बाबा उतरलेच नाहीत. चहा मी गाडीत नेऊन दिला.

घाटमाथ्यावर नाकाबंदी होती. कलम १९ खाली पोलीस परवाना मागू शकतात, आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त करू शकतात. हवालदाराने विचारण्याआधीच बाबांनी, “गाडीत बंदूक आहे, रिकामी आहे, हे कागद,” असं सांगितलं. त्याने नळीवरचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला, परवानगीवरच्या तारखा बोटाने वाचल्या आणि आम्हाला सोडलं.

हे सगळं मला सुट्या-सुट्या कलमांमधून गोळा करावं लागलं. परवाना हातात देतानाच सोप्या मराठीत एक पानभर माहिती द्यायला काय हरकत आहे? कोकणात अशा बंदुका घरोघरी म्हाताऱ्यांच्या नावावर आहेत आणि गाडी चालवतात मुलं-सुना.

बंदूक परत आणायची वेळ आली तेव्हा बाबांचा गुडघा सुजला होता. त्यांनी अधिकारपत्र लिहिलं: माझं नाव, बंदुकीचा क्रमांक, कारण, तारीख, खाली सही. ते पत्र, मूळ परवाना आणि मुदतीतली परवानगी घेऊन मी निघालो, याही वेळी करूळवरूनच.