भाईंदरचा अवकाळी मुक्काम

आमच्या वाडा तालुक्यातून भाईंदरला जायचे म्हणजे आधी एस.टी.ने वसई गाठायची आणि तेथून मुंबईच्या दिशेने लोकलने दोन स्टेशने जायचे. नायगाव सुटले की गाडी खाडीच्या पुलावर चढते. कल्याण-ठाण्याकडून आलेली उल्हास नदी येथे समुद्राला मिळते. पुलाच्या मध्यावर पाणजू नावाचे बेट लागते, त्याच्या दोन्ही अंगांना पाणी. पूल संपला की भाईंदर. २०२४ सालापासून वसई-भाईंदर अशी रो-रो बोटही सुरू झाली आहे, माणसे आणि मोटारी तीतून पलीकडे जातात. पण मी सांगतो आहे ती हकीकत २०१७ सालची, ४ डिसेंबर, सोमवारची. त्या दिवशी माझ्याबरोबर आमच्याकडच्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघातील बारा मुली आणि एक बाई होत्या.

वास्तविक माझे काम शेतीचे. कबड्डीतले मला एवढेच कळते की मुलींचे मैदान मुलांच्या मैदानापेक्षा थोडे लहान असते. परंतु संघाबरोबर जाणारे क्रीडाशिक्षक ऐन वेळी तापाने आजारी पडले. माझी मुलगी संघात होती, म्हणून प्राचार्यांनी मला गळ घातली. दोन दिवस रजा टाकली आणि निघालो. बारापैकी आठ मुलींनी समुद्र पाहिला नव्हता, हे मला गाडीत समजले. पूल आला तेव्हा सगळ्या दाराशी गोळा झाल्या. एकीने विचारले, "सर, हाच का समुद्र?" म्हटले, ही खाडी, समुद्र संध्याकाळी दाखवतो.

मीरा-भाईंदर हे आज मोठे शहर आहे. २०११ च्या शिरगणतीत येथे आठ लाखांवर माणसे मोजली गेली. पण हे शहर वयाने फार लहान. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, आणि २००२ साली महानगरपालिका. त्याआधी येथे भाताची खाचरे होती, मिठागरे होती आणि किनाऱ्याला कोळीवाडे. स्टेशनाबाहेर पडल्यावर उंच इमारतींच्या रांगा पाहून हे खरे वाटत नाही. मात्र लोकलच्या खिडकीतून खाली पाहिले तर मिठागराचे वाफे अजून दिसतात. आपली भातखाचरेच जणू, फक्त पिकाऐवजी पाणी चकाकते.

दुपारी पहिला सामना झाला, मातीच्या मैदानावर. आमच्या मुली जिंकल्या. आमची कर्णधार म्हणजे हाडापेराने किरकोळ, पण पट्टीची चढाईपटू. दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामना होता. तिच्या घरी तिच्या खेळण्याला मोठा विरोध होता. शेवटचे वर्ष आहे, एवढ्या सामन्यांपुरते जा, असे तिच्या वडिलांनी कबूल केले होते, आणि ते माझ्या शब्दावर. हे ध्यानात ठेवावे.

आभाळ दुपारीच भरून आले होते. तरी मुलींना शब्द दिला होता म्हणून संध्याकाळच्या बसने उत्तनला गेलो. भाईंदर पश्चिमेकडून रस्ता डोंगरीकडे जातो. या भागाला जुन्या काळी धारावी बेट म्हणत. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या धारावीच्या डोंगरासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात मोठी झुंज झाली. येथून खाडीचे तोंड नजरेखाली येते, म्हणून ही जागा हाती असणे भाग होते. १७३९ साली आधी धारावी पडली आणि मग वसई. मी हे मुलींना सांगत होतो, पण त्यांचे लक्ष खिडकीबाहेर होते, आणि ते बरोबरच होते.

उत्तनचा किनारा हिवाळ्यात पाहण्यासारखा असतो. बांबू रोवून, त्यांवर आडव्या काठ्या व दोऱ्या बांधून माणसाच्या डोक्याहून उंच मांडव केलेले असतात. त्यांना वलांड्या म्हणतात. ओल्या बोंबलांची जोडी जबड्यात जबडा अडकवून त्यावर टांगतात. कडक ऊन आणि वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांत बोंबील वाळतो. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत हेच त्यांचे खळे. आपले भात खळ्यावर वाळते, त्यांची मासळी वलांडीवर.

आम्ही बसमधून उतरलो आणि टपोरे थेंब सुरू झाले. किनाऱ्यावर एकच धावपळ उडाली होती. बायका वलांड्यांवरून बोंबील ओरबाडून पाट्यांत टाकत होत्या, म्हातारी माणसे प्लास्टिकचे कापड ओढत होती. समुद्राचा आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागे. आदल्याच दिवशी दत्तजयंतीची पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाणाची भरती, त्यात वादळाच्या लाटा. एका मावशीने आमच्याकडे पाहून हाक दिली, "पोरींनो, बघता काय, हात लावा गो!"

माझी परवानगी मागायला कोणी थांबले नाही. खळ्यावर पाऊस आला की काय करायचे हे शेतकऱ्याच्या मुलीला शिकवावे लागत नाही. उंच मुलींनी वरच्या ओळी धरल्या, बुटक्यांनी खालच्या. संघाच्या बाई पदर खोचून पाट्या उचलू लागल्या. मीही चार पाट्या वाहिल्या. अंधार पडेपर्यंत दोन वलांड्या रिकाम्या झाल्या, तिसरी भिजली ती भिजलीच. भिजलेला बोंबील नासतो, मग तो खताच्या भावाने द्यावा लागतो. वसईच्या बागायतदारांना मासळीचे खत माहीत आहे, पण ज्याने ती खाण्यासाठी वाळत घातली त्याला तो भाव कसा परवडणार?

मावशींनी घरात नेऊन चहा दिला. त्यांचा मुलगा बोटीवर होता, पण इशारा मिळताच बोट परत आली होती. केरळच्या लोकांना तेवढा वेळ मिळाला नाही, असे त्या म्हणाल्या.

या वादळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचे नाव ओखी. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले, बंगालीत त्याचा अर्थ डोळा. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस श्रीलंकेजवळ ते तयार झाले आणि ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीला वळसा घालून अरबी समुद्रात शिरले. केरळ आणि तमिळनाडूचे अनेक मच्छीमार त्या वेळी खोल समुद्रात होते. कित्येक परतले नाहीत. काही नौका वाऱ्याबरोबर आपल्याकडे आल्या. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला ६८ नौका आणि ९५२ मच्छीमार सुखरूप लागल्याचे राज्य सरकारने तेव्हा जाहीर केले होते. लक्षद्वीपला झोडपून वादळ उत्तरेला आणि मग ईशान्येला वळले. पुढे थंड पाणी आणि वरच्या थरातले उलटे वारे लागल्याने त्याचा जोर ओसरत गेला, आणि ५ डिसेंबरच्या रात्री ते गुजरातच्या किनाऱ्याजवळ विरून गेले. पण विरता विरता उत्तर कोकणावर पाऊस पाडून गेले. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, अरबी समुद्रात अशी वादळे होतात. नोव्हेंबर २००९ मधले फयान अनेकांना आठवत असेल.

आता माझी चूक सांगतो. रविवारी दत्ताच्या जत्रेत आमच्या कर्णधाराचे वडील मला भेटले होते. त्यांचे गरवे भात कापून शेतात पसरलेले होते. त्यांनी विचारले, "साहेब, ते वादळ म्हणतात ते आपल्याकडं येतंय का? भारे बांधून उडवी रचू, का दोन दिवस थांबू?" हवामान खात्याने उत्तर कोकणात पावसाचा इशारा दिलेला होता आणि तो मी वाचलेलाही होता. तरी मी म्हणालो, "अहो, ते तिकडे लक्षद्वीपकडे आहे, हजारेक किलोमीटर दूर. डिसेंबरात कसला पाऊस? खाऊ द्या चांगले ऊन." बी.एस्सी. होऊन पंचवीस वर्षे झालेला माणूस असे बोलला.

रात्री शाळेच्या वर्गात मुली झोपल्या होत्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. अकराच्या सुमारास कर्णधाराचा फोन वाजला. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलली, परत आली आणि मला म्हणाली, "सर, भात सगळं भिजतंय. बाबा आणि आई बॅटरी घेऊन शेतात आहेत." तिने मला दोष दिला नाही. मी काय सांगितले होते हे तिला माहीत होते की नाही, हे मी आजतागायत विचारलेले नाही.

पहाटे कळले की मुंबई, ठाणे, पालघर आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांना सरकारने ५ तारखेची सुट्टी दिली आहे. सामने पुढे ढकलले गेले. नवी तारीख ठरलेली नव्हती. कर्णधार मुलगी खिडकीशी बसून मैदानात साचलेले पाणी बघत राहिली.

सकाळी तिच्या वडिलांना फोन केला आणि जमेल ते सांगितले. पाण्यातले भात बांधावर उचला, कणसे वर राहतील असे ठेवा. पाऊस थांबला की मिठाचे पाणी फवारा, लिटरला ५० ग्रॅम मीठ, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो. त्याने दाण्याला कोंब फुटणे लांबते आणि बुरशीही रोखली जाते. फवारून झाल्यावर पंप साध्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर मीठ लोखंड खाते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "पोर जेवली का?"

दुपारी पाऊस जरा उणावला तेव्हा मला बसवेना, म्हणून मिठागराकडे गेलो. बांधावर घोंगडी पांघरून एक म्हातारे आगरी गृहस्थ उभे होते. त्यांनी समजावून सांगितले. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी उघडीतून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने घट्ट करीत न्यायचे, आणि शेवटच्या लहान वाफ्यांत मीठ धरते. त्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून कठीण करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. पावसाळ्यानंतर दोन महिने हीच मेहनत. या पावसाने घट्ट होत आलेले पाणी पुन्हा पातळ झाले होते आणि तुडवलेली जमीन मऊ. "पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले, आणि माझ्याकडे तंबाखू मागितली. मी खात नाही याचे त्या वेळी मला वाईट वाटले. भात भिजल्याचे त्यांना सांगितले तर म्हणाले, "आमचंही भात होतं की इथं. तिथं आता बिल्डिंग आहे."

६ तारखेला सकाळी आम्ही निघालो. महापरिनिर्वाण दिन असल्याने दादरच्या गाड्यांना अतोनात गर्दी होती. उलट बाजूने काही मंडळी दर्शन घेऊन परतत होती. कपडे ओले, पण विकत घेतलेली पुस्तके प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून छातीशी धरलेली. आमच्या मुलींनी सरकून एका म्हातारीला जागा करून दिली. शिवाजी पार्कवरचे मंडप पाण्याने भरले, मग आम्हाला शाळेत झोपायला जागा दिली, असे ती सांगत होती.

गावी पोचल्यावर घरी न जाता आधी कर्णधाराच्या शेतावर गेलो. वरचे भात वाचले होते. खालच्या थराला कोंब आले होते, पेंढा काळा पडला होता. पुढे गिरणीत त्या तांदळाची कणी फार निघाली आणि व्यापाऱ्याने भाव तोडला. वाडा कोलमचे नाव मोठे आहे, २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण कणीला नाव नसते. मी तिच्या वडिलांना म्हणालो, चूक माझी आहे. ते म्हणाले, "मलाही आभाळ दिसत होतं, साहेब. मी तुमच्या तोंडाकडं बघत बसलो." तेव्हापासून मी हवामानाचा इशारा जसाच्या तसा वाचून दाखवतो, आणि कोणी माझे मत विचारले तर आधी भारे बांधा म्हणतो.

पुढे ढकललेला सामना जानेवारीत झाला. कर्णधार येईल की नाही याची मला धास्ती होती. भाताचे नुकसान झालेले, त्यात पुन्हा एस.टी.चा खर्च. निघायच्या सकाळी तिचे वडीलच तिला थांब्यावर सोडायला आले आणि माझ्या हातात एक जड पिशवी दिली. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या चढाईत तिला मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर धरले. मुली रडल्या, मग भूक लागली म्हणाल्या.

वडिलांनी दिलेल्या पिशवीत पाच किलो तांदूळ होते, भिजण्यातून वाचलेल्या भाताचे. कर्णधाराने ती उत्तनला नेऊन मावशींच्या पुढ्यात ठेवली. मावशींनी तांदूळ हातात घेऊन वास घेतला, दाणा चावून पाहिला, काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेला सुक्या बोंबलांचा मोठा पुडा आणला. परतीच्या एस.टी.त कंडक्टरने दोनदा विचारले की हा वास कसला. बाराही मुली खिडकीबाहेर पाहत होत्या, आणि पुडा माझ्या मांडीवर होता.