कुलूप लावायचा मुहूर्त

नागपूरच्या मनीषनगरात मध्यरात्रीनंतर एखाद्या बिल्डिंगच्या गेटवर मोठी गाडी उभी असली, टपावर बॅगा चढत असल्या आणि चार-दोन शेजारी गाऊनवर शाल, बर्मुड्यावर बनियन अशा अवतारात खाली उतरलेले दिसले, की विचारायची गरज नसते. पहाटेचं दोह्याचं विमान. विमानतळ इथून इतका जवळ, की निरोप द्यायला पुरेसा रस्ताही मिळत नाही. पूर्वी निदान फाटक होतं. गाडी यायची असली की सगळे अडकायचे आणि रेल्वेला शिव्या घालायचे. आता रुळांखालून रस्ता आहे, वरून पूल आहे, 2020च्या नोव्हेंबरात वर्धा रोडवरचा दुमजली पूलही सुरू झाला. जाणाऱ्याला थांबवणारं काही उरलं नाही.

दादा, वहिनी आणि पोरगा असेच गेले, श्टुटगार्टला. किल्ली माझ्याकडे आली, कारण मी बेसा रोडला राहते आणि मला जाणं-येणं सोपं.

घरात शिरायचे सगळे विधी आपल्याकडे आहेत. मुहूर्त बघायचा, वास्तुशांत करायची, दूध उतू घालायचं, पहिल्यांदा कलश आत न्यायचा. माणूस घरातून कायमचा गेला तर त्याचेही दिवस ठरलेले. बाबा गेले तेव्हा याच हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आम्ही तेरावं केलं. बुंदीचं जेवण झालं, सोमलवाड्याचे, बेलतरोडीचे, पार उमरेडचे लोक जेवून गेले. तेरा दिवसांनी आपण उठतो, कारण उठायचं असतं. पण घरच बंद करायचं झालं तर? त्या रात्री वहिनींनी देवापुढे दिवा लावला, मग विमानाची वेळ झाली म्हणून तो विझवावा का तसाच ठेवावा यावर दोघांची कुजबुज झाली. पेटता दिवा ठेवून घराला कुलूप लावता येत नाही. फुंकून विझवणं वहिनींना जमेना. शेवटी दादाने वात तेलात ओढली आणि मेन स्विच बंद केला. एवढंच झालं. गुरुजींना विचारलं असतं तरी त्यांनी काय सांगितलं असतं?

तिकडचं घर मी फोनवर भरताना पाहिलं. भरताना म्हणते, कारण जर्मनीत रिकामं घर म्हणजे खरोखरच रिकामं. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. भिंतीतून पाण्याची नुसती तोंडं बाहेर आलेली, छतातून वायरी लोंबताहेत. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून बरोबर नेतो, ही तिथली सर्रास रीत. दादाने कॅमेरा फिरवला तेव्हा मला वाटलं, चोरीच झाली. तीन महिन्यांचं भाडं अनामत द्यायचं, दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद न्यायचा. फ्लॅटला नंबर नसतो. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव पाहिजे, नाहीतर टपाल परत जातं. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही. दादाला हे ठाऊक नव्हतं. ड्रिलचा आवाज झाला तशा खालच्या आजीबाई वर आल्या. त्याच आजीबाई पुढच्या आठवड्यात पाव आणि मीठ घेऊन आल्या. नव्या घरात राहायला येणाऱ्याला हेच द्यायचं असतं म्हणे. वहिनींनी घाईघाईने त्यांना हळदीकुंकू लावलं. बाईंनी निमूट लावून घेतलं.

श्टुटगार्टकडे आणखी एक चाल आहे, केअरवोखे. जिना झाडायची पाळी ज्या घराची, त्याच्या दारावर आठवडाभर एक पाटी लटकते. मनीषनगरात वहिनींनी जिन्याला कधी झाडू लावला नव्हता. तिथे पाटी लागली तेव्हा त्यांनी मला तिचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'ताई, पहिला मान आपला.' मी खूप हसले. नंतर तो फोटो पुन्हा काढून पाहिला. पाटी कुणाच्याही दारावर लागत नाही, जो राहतो त्याच्याच दारावर लागते.

दूधही उतू घातलं त्यांनी. काचेच्या शेगडीवर. साय वर आली, फेस कडेवरून उतरला, बटणांपर्यंत पोचला आणि शेगडी टुंग टुंग करत आपोआप बंद पडली. आई असती तर म्हणाली असती, एवढं पुरे, वास्तूला कळलं.

आणि पोरगा. खिडकीखालचं पांढरं लोखंडी रेडिएटर बघून म्हणाला, "आत्या, इथं कूलर कुठून लावतात?" नागपूरच्या पोराला खिडकी म्हणजे कूलरची जागा. होळी झाली की बाबा आमचा कूलर काढायचे, ताट्यांमधलं जुनं गवत उपसून नवं भरायचे, पहिलं पाणी टाकलं की ओल्या गवताचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. तो कूलर अजून मागच्या खिडकीत, स्टँडवर आहे. टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर, गवतात चिमणीने की कबुतराने काड्या आणून टाकलेल्या. मी काढत नाही. कोणीतरी राहून राहिलं आहे ना तिथे.

आईची गव्हाची कोठीही तशीच. न्यायचा प्रश्नच नव्हता. भंगारवाल्याला द्यावी तर वहिनी फोनवर गप्प होतात. झाकण उघडलं की तळाला मूठभर गहू, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला, बोट लावलं तर भुगा. हा पाला कुणी घातला असेल? आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वहिनी तिच्यासारखाच घालत होत्या. म्हणजे तो वहिनींचाच. मला मात्र तो आईचा वाटतो, आणि मी वाटू देते.

कधीकधी या घरी जायला मी मेट्रोने येते, उज्ज्वलनगरला उतरते. या मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने 2016 साली 50 कोटी युरोंचं कर्ज दिलं. तिकडून पैसा आला आणि आमच्या पुलावरून गाड्या धावल्या. इकडून काय गेलं त्याचा करार कुणी केला नाही. हे म्हणणं अन्यायाचं आहे, मला कळतं. दादाला तिकडे चांगलं काम आहे, पोरगा ट्रामने एकटा शाळेत जातो, वहिनी भाषेच्या क्लासला बसतात. त्यांचं बरं चाललंय. रडायला कारण पाहिजे असेल तर ते मला त्यांच्यात सापडत नाही.

ते सापडतं बाबांच्या पाटीत. 'निवृत्त मुख्याध्यापक' असं नावाखाली कोरलेलं. तेच आडनाव तिकडे बेलवर रोमन अक्षरांत लागलं आहे आणि टपाल बरोबर येतं. इथे कुरिअरवाले बंद दारासमोरून मला फोन करतात.

दादा म्हणतो, भाड्याने देऊन टाक, बंद घर खराब होतं. खरं आहे, सिंकमधून वास यायला लागलाय, बाथरूमच्या दाराचं लाकूड फुगलंय. एजंट दर रविवारी फोन करतो. मिहानमध्ये नोकरीला लागलेलं यवतमाळचं एक जोडपं आहे म्हणतो, माणसं चांगली आहेत, बाई लगेच राहायला यायला तयार आहे. रंगाचं काम चालू आहे, असं मी त्याला सांगते. रंगारी अजून ठरवलेला नाही.