ओढणे सोपे, थांबवणे अवघड

बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला एक गोष्ट शाळेत जाऊन शिकावी लागत नाही. ओझे आसाच्या मागे गेले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे फार पुढे घेतले तर बैलांच्या माना सोलवटतात. म्हणून गाडी भरून झाली की जाणता माणूस धुरा हाताने उचलून पाहतो आणि साट्यातल्या गड्याला सांगतो, "दोन पोती पुढं घे." मोटारीमागे दोनचाकी ट्रेलर जोडण्याचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात आहे. राहिलेले अर्धे शास्त्र थांबण्याचे आहे, आणि ते मात्र बैलगाडीपेक्षा वेगळे आहे.

आता बैलगाडीच उरली नाही, मग हे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. तर ते सांगतो. पनवेल-उरण रस्त्यावरच्या जासई गावाची आणि भोवतालची शेती कशी गेली हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. जासई हे दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला या भागातले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले आणि पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. भाताची खाचरे गेली, तसे बैलही गेले. खाडी मात्र काही ठिकाणी अजून आहे, आणि खाडीबरोबर काही घरांतली होडीही आहे. अडचण अशी की होडी पूर्वी घरामागच्या पाण्यात उभी असे. आता मध्ये भराव आला, रस्ता आला. पावसाळ्याआधी होडी घरी आणायची तर रस्त्याने, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात सोडायची तर तीही रस्त्यानेच.

माझे काम भाताच्या वाणांचे आणि खारजमिनीचे. पण गावात ओट्यावर बसले की गप्पा काही वाणापाशी थांबत नाहीत. अशाच एका घरी हा प्रश्न निघाला. घरातल्या मुलाने नवीन छोटी एसयूव्ही घेतली होती, म्हणजे दिसायला जीप, पण बांधणी मोटारीची. टेंपोचे भाडे वाचवावे म्हणून त्याने एक जुना दोनचाकी ट्रेलर मिळवला होता. गाडीच्या मागे हुक वेल्ड करून घ्यायचा, होडी चढवायची आणि चालू लागायचे, असा त्याचा बेत. "साहेब, इंजिनात ताकद हाय. ही होडी म्हंजे तिला काय?" तो म्हणाला. त्याचे आजोबा कोपऱ्यात जाळे विणत होते. त्यांनी वर न पाहताच विचारले, "ओढल ती. पन थांबवील कोन?"

आजोबांचा प्रश्न अगदी नेमका होता. उतारावर बैल मागे रेटून गाडी थोपवतात, म्हणजे ओढणारे जनावर तेच थांबवणारेही असते. मोटारीमागच्या लहान ट्रेलरला बहुधा ब्रेक नसतो. त्याचे सारे वजन पुढच्या मोटारीच्या ब्रेकवर येते. जासईच्या रस्त्यावरून रात्रंदिवस कंटेनर ओढणारे अजस्र ट्रेलर जातात. त्यांना पाहून आपल्याला वाटते की एवढे मोठे धूड ओढता येते, तर आपली होडी म्हणजे खेळणे. पण त्या धुडाच्या मागच्या आसांनाही हवेचे ब्रेक असतात. चालकाने पाय दाबला की मागची चाकेही थांबू लागतात. आपल्या लहान ट्रेलरची चाके मात्र नुसती फिरत राहतात.

थोडा हिशेब करू. मोटार आणि माणसे मिळून १,५०० किलो धरा. मागे ४०० किलोचा ट्रेलर लागला. ब्रेक तेवढेच, पण थांबवायचे वजन चौथ्या हिश्शाहून जास्त वाढले. त्यात वेगाचा नियम असा की वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर साधारण चौपट होते. ताशी ३० चे ६० केले की दुपटीने भागत नाही, चौपट रस्ता मोकळा लागतो. जर्मनीसारख्या देशात लोक सुटीत मोटारीमागे झोपायच्या सोयीचे चाकावरचे घर किंवा होडी ओढून नेतात. तिथले रस्ते कसे आहेत हे आपण ऐकून आहोत. तरीही तिथे मागे ट्रेलर असला की सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि जास्त वेगासाठी ट्रेलरची वेगळी मंजुरी लागते. आपल्याकडे खड्डा, म्हैस आणि उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल हे तिन्ही एका वळणावर भेटतात. तेव्हा ताशी ४० च्या पुढे जाऊ नये, असे माझे सांगणे.

मी त्या मुलाला गाडीसोबत मिळालेली पुस्तिका आणायला सांगितली. ट्रेलर ओढण्याचे वजन किलोत दिले आहे का, हे आम्ही दोघांनी मिळून शोधले. त्याच्या गाडीच्या पुस्तिकेत असा आकडा नव्हता. आकडा नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी नाही असेच समजावे. या छोट्या गाड्यांना जुन्या जीपसारखा वेगळा लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसिस, बहुधा नसतो. पत्र्याचे अंग हाच त्यांचा सांगाडा. मागच्या पत्र्याला कुठेही हुक वेल्ड केला तर धक्क्यागणिक तो पत्राच ओढला जातो. पुढच्या बंपरपाशी स्क्रू करून लावायची एक कडी गाडीबरोबर येते. ती बंद पडलेली गाडी काढण्यासाठी आहे, ट्रेलरसाठी नव्हे.

मुलगा हिरमुसला. नवीन गाडीमागे होडी लावून गावातून जायची हौस होती, आणि ती हौस मला कळत होती. पण त्याच्या काकांकडे जुनी, सांगाड्याची जीप होती. तिला मूळचा पक्का हुक होता आणि पुस्तिकेत ओढायचे वजनही दिलेले होते. काकांनी लगेच किल्ली काढून दिली.

मग आम्ही भात मोजायचा काटा आणला. अंदाजाने होडी २०० किलो, मागे लावायचे इंजिन ४०, ट्रेलर १२०, आणि जाळी, दोर, नांगर, पेट्रोलचा कॅन मिळून ४०, असे एकूण ४०० किलो झाले. ट्रेलर सपाट उभा करून त्याच्या पुढच्या दांड्याचे टोक विटांवर ठेवलेल्या काट्यावर टेकवले. नियम साधा आहे. एकूण वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा भार त्या टोकावर यावा, म्हणजे ४०० ला ४०. काट्याने दाखवले १२. होडीचे इंजिन अगदी मागच्या टोकाला, म्हणून गाडी जवळजवळ उलाळ झाली होती. इंजिन सोडून जीपमध्ये ठेवले. ट्रेलरचे वजन ३६० राहिले आणि काटा ३८ वर आला. आजोबा उठून आले, त्यांनी दांडा हाताने उचलून पाहिला आणि म्हणाले, "आता बरा हाय." काट्याचे आणि आजोबांच्या हाताचे मत एकच पडले.

टोकावरचा भार कमी राहिला तर काय होते? वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. शेजारून कंटेनरचा ट्रेलर वेगाने गेला की त्याच्या वाऱ्याचा झोतही डोलण्याला पुरतो. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक दाबला तर मागचे ओझे पुढच्या गाडीला आडवे फिरवते. वेग वाढवून सरळ होईल म्हणणाऱ्याचे ऐकू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढावा, स्टीअरिंग सरळ घट्ट धरावे, गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. थांबल्यावर उतरून ओझे पुढे सरकवावे. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीकडून येणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. तो आपल्याजवळ चिर्ले येथे उतरतो. त्यामुळे आजूबाजूच्या रस्त्यांवर लांबून येणाऱ्या वेगवान गाड्या वाढल्या आहेत. त्यांना आपल्या होडीची कल्पना नसते. म्हणून ट्रेलरच्या मागे दिवे आणि तांबडे परावर्तक हवेतच, आणि होडीचे टोक ट्रेलरबाहेर आले असेल तर त्याला दिवसा तांबडे कापड बांधावे. रात्री होडी नेऊच नये.

जोडणीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. हुकाची खीळ बसवल्यावर ती हाताने ओढून पाहावी. शिवाय दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून तिरप्या घालून गाडीला लावाव्यात, म्हणजे हुक निसटला तरी दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीवर पडतो. साखळी जमिनीला घासू नये, पण वळणावर ताणलीही जाऊ नये. ट्रेलरच्या टायरांची हवा पाहावी. वर्षभर उन्हात उभा असलेला टायर वरून चांगला दिसतो आणि बाजूने चिरलेला असतो. होडीतले पाणी काढून टाकावे, कारण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो ओझे, आणि तेही हलते ओझे. मागे घेताना अनेकांची तारांबळ उडते. एक युक्ती सांगतो. हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूस ठेवावा. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो. एकाने उतरून बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. मागे, ट्रेलरच्या वाटेत, कधीही उभे राहू नये.

धक्क्यावरचा उतार हे आणखी एक संकट. ओहोटीला शेवाळ आणि चिखल उघडा पडतो. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी तिथे हमखास घसरते, कारण चढावर ओझ्याने मागचा भाग दबतो आणि पुढची चाके हलकी होतात. म्हणून भरती साधावी. आपल्या किनाऱ्यावर जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. ठोकताळा म्हणून तो आजही चालतो. पाण्याशी गेल्यावर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि चाकाला दगडाची किंवा लाकडाची उटी लावलेली असावी. मुलांना गाडीत बसवून ठेवू नये. रस्त्याने आलेली चाके गरम असतात. ती तशीच खाऱ्या पाण्यात घातली तर आतली हवा आकसून पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. अर्धा तास थांबावे. घरी आल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावा आणि बेअरिंगला ग्रीस भरावे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कायद्याचेही पाहायला हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर मागून दिसेल असा असावा लागतो. गाडीच्या विम्यात ट्रेलरचा उल्लेख आहे की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. बिननोंदणीचा, गल्लीत वेल्ड केलेला ट्रेलर दुसऱ्याच्या दारात जाऊन आदळला तर भरपाईसाठी घरावरच बोट येते. जमिनीचे पैसे एकदाच मिळतात, बंधूंनो. ते अशा खटल्यात घालवू नयेत.

आता घरातल्या बायांना एक सांगणे. होडीत बसून येते, बर्फाची पेटी धरून बसते, मुलांना होडीत गंमत वाटेल, असे कोणीही म्हणाले तरी होडीत माणूस बसू देऊ नका. पाण्यावर होडी माणसाला सांभाळते. ट्रेलरवर मात्र तीच होडी दोन पट्ट्यांनी बांधलेले नुसते ओझे असते.

त्या घरची होडी दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला पाण्यात गेली. काका चालवत होते, मुलगा शेजारी बसून मागच्या आरशात पाहत होता, आणि वेगाचा काटा ३० च्या वर गेला नाही. मागून दोन गाड्यांनी भोंगे वाजवले. काकांनी एका रुंद जागी बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. एवढ्या अंतराला टेंपोपेक्षा वीस मिनिटे जास्त लागली असतील. मुलाने पुढच्या वर्षीसाठी ट्रेलरची नोंदणी स्वतः करून आणायची असे ठरवले आहे. आपली नवी गाडी मात्र तो माणसे नेण्यासाठीच ठेवणार आहे.